बोलणे हाही आता कामाचा भाग



पुणे, मुंबई, नाशिककडच्या आपल्या अनेक घरांत हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. मुलगा, मुलगी किंवा सून हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेली असते. अम्मी चहाचा कप घेऊन दारात येते आणि आतून हाताने खूण होते, ‘थांबा, स्टँड-अप सुरू आहे.’ पंधरा मिनिटांनी दुसरा कॉल, जेवणानंतर तिसरा. मग अब्बा हळूच म्हणतात, ‘हा दिवसभर बोलतच असतो, काम कधी करतो?’

कंपनी हिंजवडीला आहे की खराडीला, पगार किती, गाडी न्यायला येते की नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक असते. पण मूल तिथे नेमके काय करते, हे घरात फार थोड्यांना सांगता येते. त्यात घरच्यांचा दोष नाही. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याचे, म्हणजे डेव्हलपरचे, काम गेल्या पंचवीस वर्षांत मुळापासून बदलले आहे. आणि घरून मिळणारी शिकवण मात्र बहुतेक वेळा जुन्या कामाला साजेशी राहिली आहे. ‘साहेब सांगतील तेवढे कर, उलट विचारू नको, मान खाली घालून काम कर.’ गिरणीत, सरकारी कचेरीत, आखातातल्या नोकरीत या शिकवणीने आपल्या वडीलधाऱ्यांची भाकर राखली. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये तीच शिकवण मुलाला मागे ठेवते. म्हणून या महिन्यात हा बदल जरा उलगडून पाहू.

आधी काय होते

कोकणात आखातातून पैसे पाठवून गावी घर बांधण्याची रीत जुनी आहे. नकाशा एकदा पसंत केला, कंत्राटदाराला पैसे पाठवत राहिले आणि दोन वर्षांनी सुट्टीवर येऊन पाहिले. घर उभे असते, पण स्वयंपाकघरात ओटा चुकीच्या भिंतीला आणि वजूसाठी ठेवायला सांगितलेली जागा गायब. कंत्राटदार नकाशा दाखवतो, ‘यात लिहिले होते तेच केले.’ तो खोटे बोलत नसतो. फक्त मधल्या दोन वर्षांत कुणी कुणाला विचारलेले नसते.

सॉफ्टवेअर बरीच वर्षे असेच बनत होते. आधी एक गट ग्राहकाशी बोलून शेकडो पानांचे दस्तऐवज तयार करी. दुसरा गट त्यावरून आराखडा काढी. मग तो डेव्हलपरच्या टेबलावर येई. त्याने कागदावरचे कोडमध्ये उतरवायचे आणि टेस्टरकडे सोपवायचे. ही गोष्ट ग्राहकाला कशासाठी हवी आहे, हे विचारणे त्याच्या कामात बसत नसे. ग्राहकाचे तोंड त्याने कधी पाहिलेलेही नसे. एकेक पायरी उतरत जाणाऱ्या या पद्धतीला पुढे ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, असे नाव पडले.

विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने १९७० साली एका लेखात या पायऱ्यांचे चित्र काढले होते. त्याच लेखात त्यांनी ही सरळ उतरण धोक्याची आहे असेही बजावले होते. खरी परीक्षा अगदी शेवटी होते, आणि तिथे दोष निघाला तर जवळजवळ पहिल्या पायरीवर परत जावे लागते. उद्योगाने चित्र उचलले आणि इशारा मात्र तिथेच सोडला.

स्नोबर्डची बैठक

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरावरच्या ठिकाणी १७ जण जमले. सगळे सॉफ्टवेअरच्या धंद्यातले, प्रत्येकाची कामाची रीत वेगळी. केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड, वॉर्ड कनिंगहॅम अशी या क्षेत्रातली नावाजलेली मंडळी त्यांत होती. तीन दिवसांत त्यांनी एक छोटा जाहीरनामा तयार केला. तोच ‘अजाईल’ जाहीरनामा. अजाईल म्हणजे चपळ, वळणाला वळणारे.

त्याचा सारांश असा. माणसांनी एकमेकांशी बोलणे, चालणारी वस्तू लवकर हातात देणे, ग्राहकाला शेवटपर्यंत सोबत ठेवणे आणि गरज बदलली तर तो बदल पोटात घेणे, या गोष्टींना त्यांनी कागदपत्रे, करार आणि आधी ठरवलेला आराखडा यांच्याहून वरचे स्थान दिले. कागद आणि करार नकोतच असे त्यांनी म्हटले नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर चांगला शिंपी निकाहची शेरवानी एकदम शिवून हातात देत नाही. आधी कच्ची शिलाई घालून अंगावर चढवून पाहतो, खांद्याला टाचण्या लावतो, ‘हात वर करा बरे’ म्हणतो आणि मग पक्की टीप मारतो. अजाईल पद्धतीत ही कच्ची शिलाई दर दोन-तीन आठवड्यांनी होते.

या पद्धतीचे सर्वांत जास्त चालणारे रूप म्हणजे ‘स्क्रम’. हा शब्द रग्बीच्या खेळातला. तिथे खेळाडू खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी रेटतात. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली वस्तू बनवणाऱ्या गटांना रग्बीच्या संघाची उपमा दिली, आणि श्वेबर व सदरलँड यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी स्क्रमची पद्धत मांडली. यात काम छोट्या मुदतींत वाटले जाते. त्या मुदतीला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ती एक महिन्याहून मोठी नसते, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांची असते. टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी लोकांची. कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ‘प्रॉडक्ट ओनर’ ठरवतो. टीमला ही रीत नीट पाळता यावी, वाटेतले अडथळे दूर व्हावेत हे ‘स्क्रम मास्टर’ पाहतो. रोज पंधरा मिनिटांची एक बैठक होते. ती पूर्वी उभ्यानेच व्हायची, म्हणून ‘स्टँड-अप’. स्प्रिंटच्या शेवटी तयार झालेले काम दाखवायचे आणि मग आपसांत बसून काय चांगले झाले, काय बिघडले, ते मोकळेपणाने बोलायचे.

आपल्याकडच्या कंपन्यांनीही ही वाट धरली. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने २०२० पर्यंत संपूर्ण कारभार अजाईल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. त्यामुळे आज कॅम्पसमधून निवडले गेलेले मूल लवकरच अशा एखाद्या टीममध्ये बसते.

डेव्हलपरच्या ताटात काय काय आले

पहिला बदल विचारण्याचा. टीममध्ये काम ‘स्टोरी’ म्हणून येते. कुणाला काय हवे आणि कशासाठी, एवढेच त्यात दोन-तीन ओळींत असते. उरलेले डेव्हलपरने प्रश्न विचारून काढायचे असते. समजा स्टोरी अशी आहे की प्रवाशाला तिकीट रद्द करता यावे. मग पैसे किती वेळात परत? अर्धेच तिकीट रद्द केले तर? गाडीच रद्द झाली तर? हे प्रश्न ज्याने विचारले नाहीत त्याचा कोड वरवर चालतो आणि पहिल्याच गर्दीत कोलमडतो.

दुसरा बदल अंदाजाचा. पूर्वी मॅनेजर तारीख ठरवी. आता काम करणारेच सांगतात की या दोन आठवड्यांत एवढे होईल असे वाटते. तसे सांगायला कामाची समज लागते, आणि वरिष्ठाला ‘यात एवढे बसणार नाही’ असे अदबीने सांगायची हिंमतही लागते.

तिसरा बदल तपासणीचा आणि चालवण्याचा. केंट बेक यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडलेल्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’मध्ये आधी चाचणी लिहायची आणि मग कोड, अशी शिस्त होती. दोघांनी एका स्क्रीनसमोर बसून एकच कोड लिहिण्याची रीतही तिथलीच. पुढे २००९ च्या सुमारास ‘डेव्हऑप्स’ची चळवळ उभी राहिली. ज्याने बनवले त्यानेच ते चालते ठेवायलाही हातभार लावावा, हा तिचा गाभा. म्हणून तर कधी कधी रात्री दोन वाजता घरात फोन वाजतो आणि मूल उठून लॅपटॉप उघडते. त्या आठवड्यात पहाऱ्याची पाळी त्याची असते.

चौथा बदल नावाचा, पण बोलका आहे. स्क्रमची नियमपुस्तिका २०२० मध्ये सुधारली गेली तेव्हा टीममध्ये वस्तू घडवणाऱ्या सर्वांना एकच नाव राहिले, ‘डेव्हलपर्स’. कोड लिहिणारा, तपासणारा, पडद्याची मांडणी करणारा, सगळे त्यात आले. ‘ते माझे काम नव्हते’ असे म्हणायची सोय त्यामुळे फारशी उरली नाही.

सहा जणांची नोंदणी

बोलण्याला एवढे महत्त्व का, याचा एक मोठा दाखला अमेरिकेतला आहे. तिथे २०१० च्या कायद्यानुसार सामान्य माणसाला आरोग्य विमा घेता यावा म्हणून सरकारने ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ ही वेबसाइट बांधली. ३६ राज्यांतले लोक तिच्यावर अवलंबून होते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ती सुरू झाली. लाखो लोक आले आणि साइट आडवी झाली. पहिल्या दिवशी विमा घेण्याची प्रक्रिया पूर्ण करू शकले ते फक्त सहा जण.

काम पन्नासाहून अधिक कंत्राटदारांत वाटलेले होते. प्रत्येकाने आपापला तुकडा बांधला. सगळे तुकडे जोडून सुरुवातीपासून शेवटपर्यंतची तपासणी झाली ती उद्घाटनाआधीच्या जेमतेम दोन आठवड्यांत. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत एका सल्लागार कंपनीने धोक्याचे इशारेही दिले होते. म्हणजे हुशारीचा दुष्काळ नव्हता. कुठे काय अडले आहे हे खालच्या माणसाला दिसत होते, पण निर्णय घेणाऱ्यापर्यंत ते वेळेत आणि स्पष्ट पोहोचत नव्हते.

मग थोड्या अभियंत्यांची एक तुकडी मदतीला आली. त्यांत गूगलमधून आलेले मायकी डिकर्सन होते. त्यांनी रोज उभ्या-उभ्या बैठका सुरू केल्या आणि साधे नियम घातले. बैठक अडचण सोडवण्यासाठी आहे, दोष दुसऱ्यावर ढकलायचा असेल तर बाहेर जा. ज्याला त्या विषयाची जास्त माहिती आहे त्याने बोलायचे, मग त्याचा हुद्दा काहीही असो. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे सर्वांत जास्त त्रास देणार आहे तेच आधी हातात घ्यायचे. नोव्हेंबरअखेर बहुतेक लोकांना साइट वापरता येऊ लागली. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्राच्या आणि राज्यांच्या साइट मिळून ८० लाख लोकांनी विम्यासाठी नोंदणी केली. डिकर्सन पुढे अमेरिकन सरकारच्या डिजिटल सेवा विभागाचे पहिले प्रमुख झाले.

तिथे नवीन यंत्रे आली, कोडही दुरुस्त झाला. पण ज्याला माहीत आहे त्याला बोलू देणे, हा नियम नसता तर काय दुरुस्त करायचे हेच कळले नसते.

मशवरा आपल्याला परका नाही

हे ऐकताना आपल्याला काही आठवायला हवे. कुरआनच्या ४२ व्या सूरहचे नावच ‘शूरा’ आहे, आणि आपसांत सल्लामसलत करून कारभार करणे हे तिथे ईमानवंतांच्या गुणांत मोजले आहे. हिजरी सन ५ मध्ये मदीनेवर मोठे सैन्य चालून आले तेव्हाची खंदकची हकीकत आपण मुलांना सांगतोच. खंदक खोदण्याचा सल्ला दिला तो हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी. ते इराणहून आलेले, नुकतेच गुलामीतून मुक्त झालेले. अरबांच्या लढाईत अशी रीत नव्हती. तरी अल्लाहचे पैगंबर (स.) यांनी तो सल्ला मान्य केला आणि स्वतः खंदक खोदायला उतरले.

अजाईल ही धंद्याची एक पद्धत आहे. तिला दीनचे लेबल लावण्याची गरज नाही. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की लहानाचे ऐकणे आणि मोठ्यासमोर अदबीने बोलणे या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेतच आहेत. आपल्या दस्तरखानावर मात्र त्या कितीशा उरल्या आहेत? मुलाने ‘का?’ विचारले की ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ असे उत्तर मिळते. मुलीला तर विचारायचीच वेळ येत नाही. मग वीस वर्षे गप्प बसायला शिकलेले हे मूल एकविसाव्या वर्षी टीममध्ये बसते आणि तिथे अपेक्षा असते की त्याने आपणहून बोलावे.

होते काय, ते आम्ही पुण्यातल्या आणि मुंबईतल्या अनेक तरुणांकडून ऐकले आहे. परीक्षेत उत्तम गुण, कोड स्वच्छ, पण स्टँड-अपमध्ये दोन शब्द: ‘काम चालू.’ अडले तर तीन दिवस एकटेच झगडायचे, कारण विचारले तर ‘याला येत नाही’ असे वाटेल ही भीती. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांच्या मनात इंग्रजीचा संकोच वेगळाच. मग अप्रेझलच्या वेळी त्याच्याहून कमी हुशार, पण बोलका सहकारी पुढे जातो आणि घरात चर्चा होते की ‘आपल्याला डावलले’. डावलले जात नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते घडते, आणि तिथे आवाज उठवायलाच हवा. पण तो आवाज उठवण्यासाठीही आधी बोलायची सवय लागते.

‘होऊन जाईल’ आणि इन्शाअल्लाह

रोजच्या स्टँड-अपमध्ये एक छोटी परीक्षा असते, खरे सांगण्याची. काम निम्मेच झाले असताना ‘जवळजवळ झाले’ म्हणणे फार सोपे असते. एकाने तसे म्हटले की दुसरा त्यावर आपले काम रचतो, तिसरा ग्राहकाला तारीख देतो आणि स्प्रिंटच्या शेवटी सगळे उघडे पडते. आपल्याकडे दिलेली माहितीही अमानत मानली जाते. ‘मी अडलो आहे, मला हे समजत नाही’ असे पहिल्याच दिवशी सांगणारा माणूस टीमचे दहा दिवस वाचवतो.

अंदाज आणि वचन यांतला फरकही मुलांनी समजून घ्यावा. स्क्रमच्या पुस्तिकेत आधी असे शब्द होते की टीम स्प्रिंटमधल्या कामाचे वचन देते. २०११ मध्ये तिथे वचनाऐवजी ‘अंदाज’ हा शब्द आला. उद्याचे कुणाला ठाऊक, हे त्यांनी अनुभवाने मान्य केले. आपण तर प्रत्येक बेताला इन्शाअल्लाह जोडतो. पण मनाशी ‘नाही’ ठरवून तोंडाने इन्शाअल्लाह म्हणण्याची जी वाईट सवय आपल्यात शिरली आहे, ती टीममध्ये नेऊ नये. होणार नसेल तर स्पष्ट सांगावे. प्रयत्न पक्का असेल तेव्हाच तो पवित्र शब्द उच्चारावा.

नाण्याची दुसरी बाजू

या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबलो तर ते अर्धसत्य होईल. अनेक ठिकाणी नाव अजाईलचे आणि कारभार जुनाच असतो. तारीख वरून ठरून येते, स्टँड-अप म्हणजे रोजची हजेरी आणि झाडाझडती, आणि ‘चपळ’ याचा अर्थ रात्री उशिरापर्यंत काम. कामाचा आकार सांगणारे ‘स्टोरी पॉइंट’ हे टीमने आपसांत अंदाज बांधण्यासाठी होते. मॅनेजर त्यावरून माणसांची तुलना करू लागले. स्नोबर्डच्या १७ जणांतले रॉन जेफ्रीज यांनी तर नंतर लिहिले की ही कल्पना कदाचित आपलीच असेल आणि तसे असेल तर त्याचे वाईट वाटते.

वेळेचाही प्रश्न आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि हिवाळ्यात साडेआठ. म्हणजे अमेरिकेच्या ग्राहकासोबतची बैठक बरोबर मगरिब-इशाच्या दरम्यान किंवा इशाच्या वेळी. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी. जुमाची नमाज दुपारी, तेव्हा इकडच्या बैठका. इथेही बोलण्याची सवयच कामाला येते. ऐनवेळी गुपचूप गायब होण्यापेक्षा सुरुवातीलाच टीमच्या कॅलेंडरवर ‘शुक्रवारी १ ते २ उपलब्ध नाही’ असे नोंदवावे आणि रमजान लागण्याच्या दोन स्प्रिंट आधी बैठकीची वेळ थोडी सरकवता येईल का, असे विचारावे. दिवाळीत किंवा गणपतीत सहकाऱ्यांची पाळी आपण घ्यावी. आपली पद्धत आपणच ठरवणारी टीम खरोखर तशी असेल तर अशा गोष्टी बसतात. विचारूनही बसत नसतील तर निदान आपण कुठे काम करतो आहोत हे वेळीच कळते.

सुना-मुलींच्या बाबतीत घरच्यांना एक विनंती. घरून काम करणारी मुलगी घरात असली तरी मोकळी नसते. स्टँड-अपच्या पंधरा मिनिटांत तिला दार उघडायला, पाहुण्यांना पाणी द्यायला उठवले तर टीमसमोर तिचीच पंचाईत होते. बाळ असेल तर ती पंधरा मिनिटे दादीने किंवा मुलाच्या बापाने सांभाळावे. पुरुष सहकाऱ्यांशी कामाचे चार शब्द स्पष्ट बोलणे, मतभेद मांडणे, हा तिच्या रोजगाराचा भाग आहे. त्याकडे संशयाने पाहू नये.

यंत्र कोड लिहू लागल्यावर

आता पालकांच्या मनातला सर्वांत मोठा प्रश्न. गिटहब कोपायलट जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. यंत्र कोड लिहून देऊ लागले. मग मुलाला या वाटेला पाठवावे का?

छातीठोकपणे भविष्य सांगणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. एवढे मात्र डोळ्यांसमोर घडते आहे. सांगितलेले कोडमध्ये उतरवायचे, हे जे डेव्हलपरचे जुने काम होते, तेच यंत्र सर्वांत पटकन करते. ग्राहकाला खरोखर काय हवे आहे ते शोधणे, यंत्राने दिलेल्या कोडमधली चूक पकडणे, त्याची चाचणी घेणे, रात्री बंद पडले तर कारण शोधणे आणि ‘हे लोकांच्या हाती देणे योग्य नाही’ असे म्हणून जबाबदारी घेणे, हे अजून माणसाकडेच आहे. म्हणजे अजाईल टीमने डेव्हलपरच्या ताटात जे नवे वाढले, त्याचीच किंमत वाढते आहे. फक्त पाठ करून, सांगितले तेवढेच करून पुढे जाता येईल, ही आशा ठेवू नये. नव्याने शिकणाऱ्यांसाठी सुरुवातीची दारे अरुंद होत आहेत, ही चिंताही खोटी नाही. म्हणून तयारी आधीच सुरू व्हायला हवी.

तयारी कुठून करावी

बीसीए, बीएससी किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत आणू नये. शहरात असे तयार प्रकल्प मिळतात आणि नुकसान विकत घेणाऱ्याचेच होते. तीन-चार जणांनी मिळून एक छोटी खरी गोष्ट बनवावी: मोहल्ल्याच्या वाचनालयाची नोंदवही, मदरशाच्या हजेरीचा हिशेब, जमातीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. जो हे वापरणार त्या चाचांना दर पंधरा दिवसांनी दाखवावे. ते म्हणतील, ‘अक्षरे मोठी करा, मला दिसत नाही.’ त्या एका वाक्यातून जे शिकायला मिळते ते क्लासमध्ये मिळत नाही. कोड ‘गिट’वर ठेवायला शिकावे, म्हणजे कुणी काय बदलले याची नोंद राहते.

स्क्रमची मूळ पुस्तिका छोटी आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळते. ती वाचायला फी लागत नाही. दोन दिवसांच्या प्रमाणपत्राचे हजारो रुपये भरले की नोकरी पक्की, असे कुणी सांगत असेल तर आधी त्याच कामात असलेल्या एखाद्या नातेवाइकाला विचारून घ्यावे.

आणि पालकांनी घरी एवढे करावे. आठवड्यातून एकदा, जुमाच्या रात्री म्हणा, दस्तरखानावर एखाद्या घरगुती निर्णयावर सगळ्यात लहान मुलाला आधी बोलू द्यावे. उन्हाळ्यात गावी कधी जायचे, फ्रीज दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, ईदच्या खर्चातून कुठे काटकसर करायची. त्याचे म्हणणे मान्य करायलाच हवे असे नाही. पण मान्य केले नाही तर का, हे त्याला सांगावे. ‘मला माहीत नाही’ असे मूल म्हणाले तर हसू नये. आणि कधी अब्बांनीही तेच शब्द त्याच्यासमोर उच्चारावेत.

एवढ्याने मूल सॉफ्टवेअरमध्ये जाईलच असे नाही. ते वकील होईल, परिचारिका होईल, दुकान चालवेल. जिथे जाईल तिथे दहा जणांसमोर खरी अडचण अदबीने आणि स्पष्ट सांगता येणे त्याच्या कामाला येईल. ही सवय कोणतीही कंपनी प्रशिक्षणाच्या तीन महिन्यांत लावू शकत नाही. ती लावायला घरच लागते.